डॉक्टरसाहेब, फोन तरी उचलायचा होता

गोरेगाव, जि. गोंदिया

डॉक्टरसाहेब,



तुमचं नाव इथे लिहीत नाही. बदनामीच करायची असती तर 2020 मध्येच केली असती. तेव्हा राग ताजा होता आणि लोकांनाही मोबाइल चाळण्यापलीकडे काम नव्हतं. आता राग ओसरलाय. वाईट वाटणं तेवढं राहिलंय, आणि ते काही केल्या जात नाही. शिवाय हे पत्र तुम्हाला एकट्याला नाही. त्या उन्हाळ्यात ज्या ज्या दातांच्या डॉक्टरांनी शटर ओढलं, त्यावर 'पुढील सूचनेपर्यंत दवाखाना बंद राहील' असा कागद डकवला, खाली मोबाइल नंबर लिहिला आणि तो उचलला मात्र नाही, त्या सगळ्यांनी हे आपल्यालाच आलंय असं समजायला माझी हरकत नाही.

दवाखाना बंद ठेवलात ही माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमची अडचण मला तेव्हाही कळत होती. पेशंटचं तोंड सताड उघडं, मास्क काढलेला, आणि तुम्ही वीतभर अंतरावर. दात कोरायचं यंत्र सुरू झालं की पाण्याचे नि लाळेचे तुषार सगळ्या खोलीत उडणार. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च 2020 मध्ये कोणत्या कामात कोरोनाची लागण होण्याचा धोका किती, याचा आलेख छापला होता. त्यात दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मदतनीस अगदी वरच्या टोकाला होते. पीपीई किट मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते. खुर्चीचे हप्ते, जागेचं भाडं, कंपाउंडरचा पगार हे काही थांबलं नव्हतं. घरात म्हातारे आईवडील असतील, लहान मुलं असतील. अशा वेळी माणूस घाबरतो. मीही घाबरलो होतो.

माझं बाजारात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, तुम्हाला माहीत आहे. सातबारा, दाखले, विमा, झेरॉक्स. लॉकडाऊनमध्ये त्यात ई-पासची भर पडली. जिल्ह्याबाहेर जायचं तर कारण लिहा, कागद जोडा, फोटो टाका आणि वाट बघत बसा. अर्धं शटर वर करून मी लोकांची कारणं टाइप करायचो. कुणाची बाळंतीण माहेरी अडकलेली, कुणाचा बाप नागपुरात वारलेला. कोणतं कारण चालतं आणि कोणतं चालत नाही, हे हळूहळू मला पाठ झालं. दाढ दुखते हे कारण चालत नसे. त्याला जोडायला कागदच नसायचा. दाढ दुखते असं लिहून देणारा डॉक्टरच दवाखान्यात नव्हता.

तरी आपला जिल्हा नशीबवान म्हणायचा. केंद्राने 30 एप्रिलला लाल, नारिंगी, हिरव्या झोनची जी यादी काढली, तीत महाराष्ट्रातले सहाच जिल्हे हिरव्या पट्ट्यात होते: उस्मानाबाद, वाशिम, सिंधुदुर्ग, गडचिरोली, वर्धा आणि आपला गोंदिया. नागपूर लाल. मग मे महिन्यात बाहेरून माणसं परतायला लागली, झेडपीच्या शाळांमध्ये विलगीकरण सुरू झालं, देवरीच्या नाक्यावरून छत्तीसगडकडे चालत निघालेल्या मजुरांची रीघ लागली, आणि आपल्याकडचेही आकडे चढायला लागले. पण दवाखान्यांचं म्हणाल तर तुमच्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 19 मे रोजी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाच काढल्या होत्या. मी त्या डाउनलोड करून ठेवल्यात, अजून आहेत. कंटेनमेंट झोनमध्ये दवाखाना बंद, पण फोनवरून विचारपूस आणि सल्ला सुरू ठेवता येईल. रेड झोनमध्ये तातडीचे उपचार करता येतील. ऑरेंज आणि ग्रीनमध्ये दवाखान्यात सल्ला द्या, उपचार मात्र तातडीचे आणि निकडीचेच करा, बाकीचं पुढे ढकला. म्हणजे सगळ्यात कडक ठिकाणीसुद्धा एक गोष्ट चालू राहणार होती, डॉक्टरसाहेब. फोन.

त्यानंतर नवतपा लागला आणि आईची दाढ दुखायला लागली.

तुम्हाला तिचं तोंड माहीत आहे. वरच्या दोन दाढांना कॅप तुम्हीच बसवल्यात. खालची डावीकडची शेवटची दाढ किडलेली आहे, काढून टाकू, असं दिवाळीत तुम्हीच म्हणाला होतात. धान निघालं की येते, असं ती म्हणाली. मग धान निघालं, मग लग्नसराई आली, मग जनता कर्फ्यू. तिला शुगर आहे हेही तुमच्याच कार्डावर लाल शाईने लिहिलेलं आहे. आणि तंबाखूची गुडाखू. तुम्ही दर वेळी रागावता आणि ती दर वेळी हो म्हणते. आमच्याकडच्या बायांची सकाळ त्या डबीशिवाय उजाडत नाही. दात घासायला म्हणून बोटावर घेतात, हिरडीला चोळत बसतात, आणि हिरडी बधिर झाली की दुखणंच थांबलं असं त्यांना वाटतं. पुरुषांचं खर्ऱ्याने तेच होतं. पन्नीत घोटलेला तो खर्रा गालात ठेवून माणूस वर्षानुवर्षं दाढेचं दुखणं दाबून ठेवतो. हे मी तुमच्याकडूनच ऐकलंय. दुखणं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, हे तुमचंच वाक्य.

आधी ठणका होता. लवंग झाली, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. तुम्हाला फोन लावला. रिंग जात राहिली. दुसऱ्या दिवशी गाल सुजला. गावातल्या एका दवाखान्यात नेलं तर दारातच ताप मोजायची बंदूक कपाळाला लावली, ताप निघाला, आणि तो ताप दाढेचा की दुसरा कसला यावर चर्चा सुरू झाली. त्यांनाही मी दोष देत नाही. त्या दिवसांत ताप म्हणजे एकच. दातांच्या डॉक्टरला दाखवा, म्हणाले. अँटिबायोटिक लिहून दिली. परत येताना वाटेतच आई म्हणाली, "आपल्या डॉक्टरले फोन लाव ना बापू. तो सांगते बरोबर." मी पुन्हा लावला.

मग फोटो काढला. आईला ओसरीत उजेडात बसवलं, मान वर करायला लावली. सूज तोवर गालावरून खाली सरकून जबड्याच्या काठाच्या आत, गळ्याकडे उतरली होती. कातडी ताणून चकाकत होती. फोटो तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली लिहिलं की सर, आईला गिळता येत नाहीये, काय करू. थोड्या वेळाने त्या दोन खुणा निळ्या झाल्या.

निळ्या झाल्या, डॉक्टरसाहेब. म्हणजे तुम्ही तो फोटो पाहिलात.

तोवर मी स्वतःची समजूत काढत होतो. फोन दुसऱ्या खोलीत असेल, रेंज नसेल, त्यांच्याकडेच कुणी आजारी असेल. निळ्या खुणांनंतर समजूत काढायला काही उरलं नाही. संध्याकाळी तुमचं स्टेटस बदललं. हात जोडलेलं चित्र आणि खाली 'घरीच राहा, सुरक्षित राहा'. आम्ही घरीच होतो.

रात्री आईची लाळ गळायला लागली. ती आडवी झोपू शकत नव्हती, खाटेवर बसून पुढे वाकून श्वास घेत होती, आणि बोलली तर शब्द घशातच घोळत होते. जीभ उचलल्यासारखी वर आली होती. शेजारच्याची बोलेरो काढली. ई-पाससाठी अर्ज भरला तो गाडीत बसूनच. इतरांचे अर्ज भरून भरून बोटांना सवय झालेली होती. कारणाच्या रकान्यात काय लिहावं यासाठी तेवढा थांबलो. 'दात' लिहिलं असतं तर मंजूर होणार नाही हे मला माझ्याच धंद्यातून ठाऊक होतं. 'श्वास घेण्यास त्रास' लिहिलं. खोटं नव्हतं. मंजुरीची वाट न बघता निघालो.

कोहमाऱ्याला हायवेला लागलो, आणि साकोलीच्या अलीकडे जिल्ह्याच्या हद्दीवर अडवलं. शिपाई तोंडाला दुपट्टा बांधून उभा होता. कुठे? नागपूर. कशासाठी? मी सांगून गेलो, दाढ. "दाढ दुखते म्हणून नागपूरले?" तो हसला, त्याच्याबरोबरचाही हसला. मग त्याने टॉर्च आत मारला. आईच्या गळ्यावर उजेड पडला तसा त्याचा हात खाली आला. बॅरिकेड त्याने स्वतः ओढून बाजूला केलं. "जाय लवकर," एवढंच म्हणाला. त्याला दातांतलं काही कळत नव्हतं. त्याने फक्त बघितलं. तेवढ्याने भागलं.

ज्या रुग्णालयात पोचलो त्याचंही नाव घेत नाही. तिथे आधी स्वॅब घेतला. तिथे एक शिकाऊ डॉक्टरीण होती, किटमध्ये डोळ्यांशिवाय काही दिसत नव्हतं. तिने दुरूनच प्रश्न विचारले. तोंड किती उघडतं, दोन बोटं मावतात का? थुंकी गिळता येते का? सूज जबड्याच्या खाली आहे की वर? जिभेखाली हात लावला तर कडक लागतं का? शुगर आहे का? बस, इतकंच. मिनिटभरही लागलं नसेल. ते ऐकून तिने मागे वळून कुणाला तरी हाक मारली आणि पुढची सगळी धावपळ सुरू झाली. हे प्रश्न विचारायला तिला आईजवळ यावंसुद्धा लागलं नव्हतं. फोनवर विचारता आले असते. ओसरीत बसलेल्या आईच्या तोंडात मी बोटं घालून बघितली असती, जिभेखाली हात लावून बघितला असता, आणि तुम्ही म्हणाला असतात की ताबडतोब निघा, वाट बघू नका. तुमची पाच मिनिटं. मास्क नाही, किट नाही, तुषार नाहीत.

त्या दुखण्याचं नाव मला नंतर कळलं. लुडविग्ज अंजायना. 1836 मध्ये लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. खालच्या मागच्या दाढांची मुळं जिभेखालच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात, म्हणून तिथला पू हिरडीतून बाहेर न पडता गळ्याच्या बाजूला पसरतो आणि श्वासाची वाट दाबत नेतो. अँटिबायोटिक निघण्याआधी अर्ध्याहून अधिक रुग्ण त्यात दगावत. शुगरवाल्यांना धोका जास्त. हे सगळं तुम्ही कॉलेजात शिकलेला असणार, परीक्षेत लिहिलेलं असणार. तो फोटो कुणाही दंतवैद्याने एकदा बघितला असता तर त्याच्या पोटात गोळा आला असता. तुम्ही बघितला होतात.

हनुवटीखाली चीर देऊन पू काढला, नळ्या घातल्या, दाढ काढली. आई वाचली. हनुवटीखाली आडवा वण आहे, बायका विचारतात तेव्हा ती पदर पुढे घेते. खर्चाचं लिहीत नाही. तो काही तुमच्यामुळे झाला असं म्हणता येणार नाही, कारण दाढ तर आमचीच होती.

पण काही गोष्टी मनातून जात नाहीत. त्या वेळी सरकारी दवाखान्यांतल्या कितीतरी दंतचिकित्सकांना स्वॅब घेण्याच्या कामाला जुंपलं होतं. तेही तुमच्यासारखेच बीडीएस झालेले. दिवसभर किटमध्ये घामाने भिजून ते लोकांच्या घशात काड्या घालत होते, म्हणजे ज्या तोंडाची तुम्हाला भीती होती त्याच तोंडाशी उभे होते. मी तुम्हाला तसं करा म्हणत नाही. तुमच्यावर तशी सक्ती नव्हती, त्यांच्यावर होती. पण तेही तुमच्याच बिरादरीतले होते, आणि तुमच्याकडून तर फक्त कान मागितला होता.

इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटी सगळ्या दंतवैद्यांना नेहमीचं काम बंद करायला सांगितलं. त्याबरोबरच फोनवर पेशंटची विचारपूस करा, दुखण्यावर औषध सांगा, गरज असेल तर अँटिबायोटिक द्या, आणि फोनवर भागत नसेल त्याला ठरवून दिलेल्या तातडीच्या केंद्राकडे पाठवा, असंही सांगितलं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दवाखाने उघडायला लागले. तिथे काही सगळं गोड नव्हतं. लोकांनी घरी पक्कड घेऊन स्वतःचे दात उपटल्याच्या बातम्या तिथूनच आल्या. पण निदान कुणाचा फोन उचलणं हे कुणाचं तरी काम होतं. आपल्याकडे ते दिल्लीच्या कागदावर होतं. तो कागद गोंदियात कुणी वाचला की नाही कोण जाणे. गोरेगावात मी वाचला होता, आणि मी डॉक्टर नाही.

आता दुसऱ्या वर्षाचं सांगतो, कारण ते आठवलं की जास्त लागतं. 2021 च्या एप्रिल-मेमध्ये आपल्या जिल्ह्याने काय भोगलं ते तुम्हालाही ठाऊक आहे. ऑक्सिजन नाही, खाट नाही, स्मशानात जागा नाही. त्या लाटेच्या मागोमाग म्युकरमायकोसिस आला. वरचे दात अचानक हलायला लागले, टाळूवर काळं दिसलं, गालाला बधिरपणा आला की ताबडतोब दाखवा, असं सगळे सांगू लागले. केंद्राने मे महिन्यात राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्रात त्याचे सगळ्यात जास्त रुग्ण होते, आणि राज्याने महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून त्याच्यावर मोफत उपचार जाहीर केले. त्या दिवसांत तुमचा दवाखाना उघडा होता. तुम्ही बाहेर फ्लेक्स लावला होता, दात हलतात का, लगेच या. मला मनापासून बरं वाटलं होतं. खरंच सांगतो. कितीतरी पेशंट आधी दातांच्या डॉक्टरकडे आले आणि तिथूनच पुढे धाडले गेले, म्हणून त्यांचा डोळा वाचला, जीव वाचला. तेव्हा तुम्ही लोकांनी मोठं काम केलंत.

म्हणजे जमत होतं. तोंड तेच, डॉक्टर तेच, साथ आधीपेक्षा भयंकर. फरक इतकाच की या वेळी सरकारने त्या दुखण्याचं नाव घेतलं होतं आणि पेपरांनी छापलं होतं. आईच्या दाढेचं नाव कुणी घेतलं नव्हतं. दाताचं दुखणं हे आपल्याकडे दुखण्यात धरतच नाहीत. ते सहन करायचं असतं, त्याच्यावर विनोद करायचे असतात. नाक्यावरचा शिपाई हसला तो त्याचमुळे. पण तुम्ही तरी हसणाऱ्यांत नव्हतात ना? वीस वर्षं तुम्हीच आम्हाला सांगत आलात की दाताकडे दुर्लक्ष करू नका, त्याने जीव जाऊ शकतो. आईने ते ऐकलं नाही हे कबूल. पण तुमचा त्यावर खरा विश्वास होता का, असा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

काही लोक म्हणतील, आता हे उकरून काय उपयोग. आहे उपयोग. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके. दातांचे डॉक्टर बहुतेक शहरात. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव इथून कुणाला दाढ काढायची तर काळीपिवळीत बसून दिवस मोडून यावं लागतं, आणि गाड्या बंद झाल्या की तेही नाही. एसटी जिल्ह्याबाहेर धावायला 2020 चा ऑगस्ट उजाडला, ई-पास सप्टेंबरात गेला. तोवर आमच्या भागात दुखणाऱ्या दाढांचं लोकांनी काय केलं असेल, हे कुणी मोजलं का? बाजारात चटईवर बसून दात उपटणाऱ्याकडे कितीजण गेले, आणि पुढे त्यांचं काय झालं? पुढची साथ येईल तेव्हा शहरातल्या तुम्हा सगळ्यांना मिळून एवढं ठरवता येणार नाही का, की आज याने फोन घ्यायचा, उद्या त्याने? एकच नंबर. ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर, रेशन दुकानावर, माझ्या दुकानावर लिहून ठेवू. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, निधी लागत नाही. आशाताई घरोघर फिरतच असतात, त्यांना त्या शिकाऊ डॉक्टरणीचे ते पाच प्रश्न शिकवा. मी छापून देतो, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

आणि हो, तुम्ही माफी मागावी म्हणून हे लिहीत नाही. आईला तर यातलं काहीच मान्य नाही. तिला त्या निळ्या खुणांचं मी सांगितलेलं नाही, सांगितलं तरी तिला कळणार नाही. ती म्हणते, "त्याच्या घरी बी लेकरं आहेत, भेला असन बिचारा." दरवर्षी एचएमटी तांदळाची पोतडी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवते. ती तुमच्यापर्यंत पोचत नाही याचं कारण मी आहे, हे तिला ठाऊक नाही.

आता तिची वरची एक दाढ हलते आहे, तुम्ही कॅप लावलेलीच. गोरेगावातच दाखवू म्हटलं तर ऐकत नाही. आपल्याच डॉक्टरकडे जायचं म्हणते. न्यायला माझी ना नाही. पण फोन करून वेळ मी मागणार नाही. तुम्ही करा. माझा नंबर बदललेला नाही, तुमच्याकडे तो आहे. व्हॉट्सअॅपमध्ये थोडं वर सरकलात तर आईच्या फोटोच्या डोक्यावरच दिसेल.

तुमच्या एका जुन्या पेशंटचा मुलगा